भात्याचा हात

गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

ही वही आर्याची. पियानोच्या क्लासचा गृहपाठ लिहायला आणलेली. बारा पानं भरली आणि आठ वर्षं शिकून पोरीने पियानोच सोडला. कोरी पानं टाकून देणं मला जमत नाही, म्हणून आजपासून ही माझी.

लिहिण्यासारखंही काही घडलंय. गेल्या शनिवारी मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम आमच्या वस्तीच्या सभागृहात झाला. नेहमीप्रमाणे अरुण गायला आणि नेहमीप्रमाणे मी पेटीवर होते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आधी पुण्यात आणि मग इथे द हेगमध्ये, पण आमची बैठक तीच. तो पुढे, मी त्याच्या डाव्या हाताला. टाळ्या त्याला आणि "वहिनी, साथ छान झाली हं" मला.

त्या दिवशी मात्र एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई नेमक्या माझ्याकडे आल्या. नाव हानेके. या भागात तीस वर्षं डॉक्टर होत्या, आता निवृत्त, व्हायोलिन वाजवतात. म्हणाल्या, "तुमची बोटं ऐकतात." त्यांचा सहा जणांचा हौशी मेळ आहे, बरोक संगीत वाजवतात, म्हणजे युरोपातलं तीन-चारशे वर्षांपूर्वीचं. त्यांचा ऑर्गनवाला ग्रोनिंगेनला राहायला गेला. १४ डिसेंबरला कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये कार्यक्रम आहे. येणार का?

मी हो म्हटलं. अरुणला विचारायच्या आधीच म्हटलं, याचं मलाच नवल वाटतंय.

अरुण म्हणाला, "जा की. पण दिवाळीच्या कार्यक्रमाचा रियाझ बुडवू नकोस."

गुरुवार, ११ सप्टेंबर

पहिली तालीम. फजिती.

ऑर्गन फ्रिजहून बुटका, लाकडी, देखणा. वाद्याला बसायचं म्हणून मी बूट काढले, ऑर्गनला हात लावून नमस्कार केला आणि वर बघते तर पाचही जण माझ्या पायांकडे बघतायत. बासरी वाजवणारा योस्त (दिवसा ट्राम चालवतो) काळजीने म्हणाला, "पाय दुखतात का?" म्हटलं, आमच्यात वाद्यापाशी बूट घालून बसत नाहीत. त्याने मान डोलावली आणि हळूच आपल्या बुटांकडे पाहिलं. चर्चची फरशी दगडी. अर्ध्या तासात माझे तळवे बधिर झाले, पण आता बूट घालणं म्हणजे माघार.

पुढची गंमत डाव्या हाताची. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो. या ऑर्गनची हवा विजेवर येते. आणि इथे सगळी भिस्त डाव्या हातावरच! कागदावर खर्जाची एक ओळ, तिच्यावर बारीक आकडे. ओळ डाव्या हाताने वाजवायची, आकडे बघून वरचे सूर उजव्याने आपल्या अकलेने भरायचे. आर्याच्या शेजारी बसून आठ वर्षं फुकटात शिकले म्हणून कागद वाचता येतो. आकडे मला आईच्या पाककृतींसारखे वाटले: जिन्नस सांगितलेत, मीठ अंदाजाने. पण सूर लांबला की माझा डावा हात पट्ट्या सोडायचा आणि हवेत भाता मारायचा. तीनदा झालं. योस्त हसू दाबत होता. मीच मोठ्याने हसले, मग सगळे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

कार्यक्रमात चार देश आहेत: इटली, फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी. मला वाटायचं गोऱ्यांचं जुनं संगीत म्हणजे सगळं एकच. हे म्हणजे कोल्हापूरचा रस्सा आणि कोकणातलं सार एकच म्हणण्यापैकी.

आज इटली. संथ तुकडा. हानेकेच्या कागदावर मोजके लांबलचक सूर, आणि ती वाजवते ते भलतंच. सुरांच्या मधे वळणं, झोके, छोट्या ताना. विचारलं तर म्हणाली, "इटलीत सांगाडाच लिहायचे. बाकीचं वाजवणाऱ्याने रोज नवं घालायचं."

अगं बाई, हा तर आलाप! मी विरघळले. विरघळून जे येतं ते केलं: तिचं ऐकत, तिच्या मागोमाग, अलगद. ती थांबली की मी थांबायची, ती निघाली की तिच्या पाठी मी. साथ अशीच करतात. तुकडा इतका मंदावला की शेवटी सगळे आपोआप थांबले. योस्त म्हणाला, "इतका उशीर मी बर्फातसुद्धा केला नाही."

हानेके म्हणाली, "मी तुझी वाट बघत होते. तू माझी बघत होतीस?"

"हो. साथ करत होते."

"निशिगंधा, तू जमीन आहेस. आम्ही तुझ्यावरून चालणार. जमीन मागून येत नाही."

घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यात. अरुणला सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई बोलते छान," आणि जेवायला बसला.

रविवार, २८ सप्टेंबर

आर्याचा जुना कीबोर्ड माळ्यावरून काढला. हेडफोन लावून वाजवते, कुणाला त्रास नको. नुसता डावा हात, तासभर. दंड भरून आले. इतकी वर्षं हा हात भाता मारत होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं की बाबा, तुला काही वाजवायचंय का.

गुरुवार, २ ऑक्टोबर

फ्रान्स. माझी पार वाट लागली.

इटलीत मोकळीक, म्हणून मी इथेही उजव्या हाताने खुशाल मुरक्या घातल्या. हानेकेने व्हायोलिन खाली ठेवलं. फ्रान्समध्ये प्रत्येक मुरकीला ठरलेली खूण. जिथे आहे तिथे ती हवीच आणि जिथे नाही तिथे हात आवरायचा. राजदरबारातलं नाचाचं संगीत ते. गंमत अशी, की सूर लिहिलेत एकसारखे पण वाजवायचे एक लांब, एक आखूड, जरा लचकत. हे कुठे लिहिलेलं नाही. सगळ्यांना ठाऊक असायचं म्हणे. सासरच्या रीती अशाच कळतात, चुकल्यावर.

अजूनही मी थांबते. कळतं, पण वळत नाही. हानेकेने चहाच्या वेळी बाजूला घेतलं. स्पष्ट बोलली, आणि मला ते आवडलं: नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत जमलं नाही तर कॉन्झर्व्हेटरीतून, म्हणजे संगीत महाविद्यालयातून, एक विद्यार्थी बोलवावा लागेल. "तुला ठेवायचीय. पण जमिनीशिवाय कार्यक्रम होत नाही."

मला ही खुर्ची हवी आहे. वहीत लिहायला हरकत नाही: फार हवी आहे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

इंग्लंड! आज मी राणी.

खर्जाची पाच मापांची (माप म्हणजे तालाचं एक घर) एक ओळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच ती, पन्नास वेळा. वर बासरी आणि व्हायोलिन नाना रंग करतात. सगळ्यांना वाटलं मी कंटाळेन. अहो, हा तर लेहरा! तबल्याच्या एकल वादनाला अर्धा अर्धा तास एकच ओळ धरून बसायचं, तबलजी काय वाटेल ते करो, आपण हलायचं नाही. माहेरी मिरजेला अकरावीपासून हे केलंय. लेहऱ्यात कुणासाठी थांबायचं नसतं. आज मी थांबले नाही. हानेके वाजवता वाजवता माझ्याकडे बघून हसली.

मग वाटलं, सगळंच संगीत लेहरा समजून वाजवलं तर? इटली काढली. झालं! डावा हात चालत राहिला आणि हानेके त्याच्यावर मनसोक्त हुंदडली. चार दिवसांनी दिवाळी, पण माझी आजच झाली.

रविवार, २६ ऑक्टोबर

घड्याळं आज एक तास मागे गेली. काल संध्याकाळही मागे नेता आली असती तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. अरुणचा गळा सुरेल आहे, पण तान घेताना त्याचं मात्रेवरचं भान सुटतं. समेची जागा टळून जाते. तेव्हा मी सूर धरून ठेवते, तबल्यावर गंधार असतो तो माझ्याकडे बघून ठेका जरासा ओढतो, अरुण येऊन पोचतो आणि लोक टाळ्या वाजवतात. बावीस वर्षं वेगवेगळ्या तबलजींबरोबर, मग सहा वर्षं गंधारबरोबर, असं चाललंय. अरुणला हे ठाऊक आहे की नाही, मला कधी कळलं नाही. विचारलंही नाही.

काल अॅमस्टेलव्हीनला दिवाळीचा कार्यक्रम, दोनशे माणसं, फराळाचा वास. शेवटच्या नाट्यपदात अरुणने लांब तान घेतली. आणि मी थांबले नाही. मुद्दाम नाही, देवाशपथ नाही. हात चालत राहिले. गंधार माझ्याबरोबर समेवर आला आणि अरुण तीन मात्रांनी मागून. मधे एक मोठं भोक. अरुण थांबला, हसला, माइकमध्ये म्हणाला, "आमच्या मंडळींना आज ट्राम पकडायचीय वाटतं!" लोक हसले. पद पुन्हा सुरू झालं. पण त्याचे कान लाल झालेले मी जवळून पाहिले.

परतताना गाडीत लायडन मागे टाकलं. मग म्हणाला, "तू थांबली नाहीस."

"चुकलं माझं."

"तसं नव्हतो म्हणत," तो म्हणाला, आणि रेडिओ लावला.

राग आलाय त्याला. येणारच. हौसेपायी मी घरच्या माणसाचं चारचौघांत हसं केलं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

हानेकेला मेल केला: मला जमणार नाही, विद्यार्थ्याला बोलवा. तिचं दोन ओळींचं उत्तर: "विद्यार्थी डिसेंबरशिवाय मोकळा नाही. तोपर्यंत ये. सूप करते."

सुपासाठी जातेय असं समजा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अरुण सकाळी गात नाही. दोन आठवडे झाले. दाढी करताना गुणगुणणारा माणूस, आता मुकाट दाढी करतो. गाडीची किल्ली घेऊन खाली जातो आणि अर्धा तास गाडीत बसून असतो. बातम्या ऐकतो म्हणाला. घरात ऐकायला काय झालं? माझं तोंड बघायचं नसेल.

आर्याला फोन केला. "आई, जस्ट आस्क हिम." विचारायचं काय त्यात, मी म्हटलं. "ओके, देन डोन्ट. बट यू टू आर सो फनी." यांना सगळंच फनी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

जर्मनी. चार देशांतला हा सगळ्यांत अवघड. सगळं लिहिलेलं, मुरक्यासुद्धा. इटलीचं गाणं आणि फ्रान्सचा नाच दोन्ही उचललं आणि वर आपली शिस्त लावली, असं हानेके म्हणते. चार सूरओळी चालतात आणि कुणीच कुणाची साथ करत नाही. एक बोलते ती ऐकून दुसरी आपलं म्हणणं मांडते, पहिली गप्प न बसता. आमच्या घरातलं जेवणाचं टेबल आर्या असताना असंच असायचं. मला फार आवडलं.

योस्तने सांगितलं, हल्ली आपल्याला एक श्रोता आहे. मागच्या बाकावर, खांबाआड एक माणूस येऊन बसतो. टोपी, मफलर. डोळे मिटून मांडीवर बोटं टेकवत असतो, मधेच हात उलटा करतो. "प्रार्थना करत असावा," योस्त म्हणाला. ऑर्गनवर बसलं की माझी पाठ त्या बाजूला, मला दिसत नाही. एकटा जीव असेल बिचारा, उबेला येत असेल. हानेकेला म्हटलं, जाताना त्याला सूप द्या. ती म्हणाली, "दिलं. फार तिखट खातो वाटतं, आमचं मिळमिळीत लागलं त्याला."

अरुणची गुरुवारची मीटिंग आजही लांबली. ब्रेडाच्या ऑफिसातून यायला साडेनऊ. मला वाटलं भुकेला असेल; वरण-भात अर्धाच खाल्ला.

रविवार, २३ नोव्हेंबर

दोन गोष्टी.

एक, माझ्या नोटेशनच्या कागदांच्या पिशवीत जाड लोकरीचे मोजे निघाले, नवे, तळाला रबराचे ठिपके असलेले. आर्या गेल्या आठवड्यात येऊन गेली, तिचंच काम. फोन केला तर म्हणते, "नॉट मी, आई." लाजते. लहानपणापासून तशीच.

दोन, अरुण भांडी घासताना गुणगुणत होता! आणि काय, तर इंग्लंडची ती पाच मापांची ओळ. डोक्यात बसलेली चीज घरभर पसरते म्हणतात ते खोटं नाही. मी तर हेडफोन लावून वाजवते. माझंच गुणगुणणं त्याच्या कानावर पडलं असेल. काही का असेना, तो गुणगुणला. मला इतकं बरं वाटलं की बटाटेवडे केले.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

महिना संपत आला. तालीम झाल्यावर मीच विचारलं, "विद्यार्थी कधीपासून येणार?"

हानेके व्हायोलिनचा गज पुसत म्हणाली, "कुठला विद्यार्थी?"

"तुम्ही मेलमध्ये..."

"तो डिसेंबरशिवाय मोकळा नाही म्हटलं होतं. डिसेंबरमध्ये मला तो नको आहे."

डॉक्टर लोक असं गोड खोटं बोलतात. तीस वर्षांची सवय. खुर्ची माझी!

घरी येऊन अरुणला सांगितलं. म्हणाला, "माहीत होतं." कसं काय माहीत, विचारलं तर म्हणाला, "वाटलं." आणि मग, इकडेतिकडे बघत, "चौदाला रविवार आहे ना? मी येईन म्हणतो." मी म्हटलं, तुझ्यावर जबरदस्ती नाही. उगाच बोलले. त्याचा चेहरा पडला.

गुरुवार, ४ डिसेंबर

उद्या सिंटरक्लास, इथला भेटवस्तूंचा सण. योस्तने ऑर्गनवर मूठभर मसालेदार बिस्किटं ठेवली आणि शेजारी कविता, कारण इथे भेटीबरोबर कविता लागते. माझ्या पायांवर होती. म्हणजे, अनवाणी बाईमुळे चर्चमधला दगडसुद्धा ताल शिकला, अशा अर्थाची. ठेवून दिलीय याच वहीत.

रविवार, १४ डिसेंबर

सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

तीन वाजता चर्च भरलं. ऐंशीएक माणसं. अरुण दिसला नाही. पहिल्या दोन रांगा बघितल्या, दारापाशी बघितलं. मीच म्हटलं होतं जबरदस्ती नाही, आता कुणाच्या नावाने ओरडणार? मोजे घातले, ऑर्गनला नमस्कार केला, बसले.

इटली चालली. फ्रान्स लचकली, एकही आगाऊ मुरकी नाही. इंग्लंडला मी डोळे मिटले. मिरजेत आमच्या क्लासच्या चटईवर बसल्यासारखं वाटलं, पण डावा हात भात्यावर नव्हता, गाण्यात होता. जर्मनीत एका जागी योस्त घसरला. मी थांबले नाही. तो दोन मात्रांत उडी मारून परत चढला, त्याच्या ट्राममध्ये लोक चढतात तसा. शेवटचा सूर घुमटात गेला आणि लोक उभे राहिले.

हानेकेने मला हात धरून उठवलं, लोकांकडे वळवलं. मी पहिल्यांदाच मागच्या बाकांकडे तोंड करून उभी होते. योस्त कानाशी म्हणाला, "तो बघ, आपला प्रार्थनावाला."

खांबाआड टोपी, मफलर. मफलर मीच विणलेला. अरुण टाळ्या वाजवत नव्हता. त्याचा उजवा हात अजून मांडीवर होता, तालाची टाळी-खाली मोजत, आणि तो रडत होता.

मांडीवर बोटं. उलटा हात. मला हे कळू नये? मी स्वतःला मिरजेची म्हणवते!

घरी चालत आलो. मी म्हटलं, "मीटिंग होत्या ना गुरुवारी?"

"होत्याच की. तुझ्याबरोबर."

"आणि मोजे?"

"तुझे पाय निळे दिसायचे मागून." मग कोपरा वळल्यावर म्हणाला, "निशी, त्या दिवशी गाडीत मला एवढंच विचारायचं होतं. इतकी वर्षं मी समेवर येत होतो, की तू सम माझ्याकडे आणत होतीस?"

खोटं बोलायचं मनात आलं. हानेकेसारखं, गोड. बोलले नाही. म्हटलं, "कधी कधी आणत होते."

"वाटलंच. गाडीत बसून रोज टाळी धरतोय. दीड महिना." मग जरा हसला. "अजून चुकतं."

घरी आल्यावर मी चहा टाकला तर हा सतरंजी घालून बसलेला. पेटीचं झाकण काढलेलं. मी नेहमीच्या जागी, त्याच्या डाव्या हाताला बसायला गेले. म्हणाला, "समोर बस. दिसू दे." फोनवर तबल्याचा ठेका लावला, दिवाळीचंच पद काढलं, आणि तानेच्या आधी बोट उगारून मला म्हणाला, "थांबायचं नाही."

हात सूर धरून ठेवायला धावत होता, पण मी थांबले नाही. पहिल्यांदा तो चुकला. दुसऱ्यांदा अर्ध्या मात्रेने चुकला आणि स्वतःवरच चरफडला. मी तसंच पुढे वाजवत राहिले.

तिसऱ्यांदा तो समेवर आला. आपल्या पायांनी.

चहा उतू गेला होता. पुन्हा टाकला.